टी-झोन तेलकट, गाल मात्र कोरडे: तेलकट त्वचेचं रूटीन नेमकं कसं बसवायचं?

वाळूचं घड्याळ

तेलकट त्वचेबद्दल नेमका सल्ला हवा आहे. "भरपूर पाणी प्या, ताण घेऊ नका" हे वाचून झालंय, ते सोडून सांगा.

स्थिती अशी: कपाळ, नाक आणि हनुवटी, म्हणजे टी-झोन, धुतल्यानंतर तीन तासांत चकाकायला लागतात. गाल मात्र धुतल्या धुतल्या ओढल्यासारखे होतात, बारीक पापुद्रेही सुटतात. नाकावर राखाडी ठिपके आहेत. दाबले की पांढरी दोरी निघते आणि महिन्याभरात जैसे थे. कपाळावर केसांच्या कडेने बारीक, सगळ्या एकाच आकाराच्या पुळ्या आहेत, त्यांना खाज येते.

सध्याचा क्रम: अंगाच्या साबणाने दिवसातून चार वेळा चेहरा धुणे, आठवड्यातून तीनदा दाणेदार स्क्रब, त्यानंतर अल्कोहोलवाला टोनर. मॉइश्चरायझर नाही, कारण तेल आधीच उतू जातंय. सनस्क्रीनने चेहरा तळून काढल्यासारखा दिसतो म्हणून तेही बंद.

१. तेल मुळात कमी कसं करायचं?
२. मॉइश्चरायझर खरंच लागतं का?
३. सॅलिसिलिक ॲसिड, नायसिनामाइड, रेटिनॉल, बेन्झॉइल पेरॉक्साइड यांतलं काय, किती टक्क्यांचं आणि कधी लावायचं?
४. सनस्क्रीनचं काय करू?

काजळरेघ

चार वेळा धुण्यापासून सुरुवात करू, खरी गडबड तिथेच आहे.

धुण्याने वर साचलेलं तेल जातं. तेल तयार होण्याचा वेग त्याने घटत नाही. तैलग्रंथी केसाच्या मुळाला चिकटून आत बसलेल्या असतात आणि त्यांना हुकूम मिळतो तो मुख्यतः ॲन्ड्रोजेन या पुरुषी हार्मोन्सकडून. ग्रंथीतली पेशी हळूहळू तेलाने भरते, शेवटी फुटते आणि तिचाच सगळा माल बाहेर येतो. या प्रवासाला तास नाही, आठवडे लागतात. त्यामुळे "सकाळी साबण जास्त झाला म्हणून ग्रंथींनी दुपारी भरपाई केली" हे लोकप्रिय स्पष्टीकरण फारसं टिकत नाही. पुसलेला थर काही तासांत पुन्हा साचतो, एवढंच घडतं.

मग जास्त धुण्याने बिघडतं काय? त्वचेचा सगळ्यात वरचा थर. निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. नेहमीच्या साबणाच्या वडीचा असतो ९ ते १०. असा साबण तेलाबरोबर पेशींच्या विटांमधलं सिमेंटही खरवडून नेतो: सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी ॲसिड. मग आतलं पाणी उडायला लागतं. तेल आणि पाणी हे दोन वेगळे हिशेब आहेत. एक भरपूर आणि दुसरं कमी, असं एकाच चेहऱ्यावर सहज असू शकतं. सुटलेल्या पापुद्र्यांवर तेल चढलं की चेहरा चिकटही लागतो आणि खरखरीतही. तुमचं वर्णन नेमकं हेच आहे. वर अल्कोहोलचा टोनर म्हणजे खरचटलेल्या जागेवर पुन्हा घासणं.

चेहरा धुण्यासाठी:

दिवसातून दोनदा, सकाळी आणि रात्री. खूप घाम आला असेल तर तिसऱ्यांदा, पण तेव्हा नुसतं पाणीही बऱ्याचदा पुरतं. साबणाऐवजी ५.५ च्या आसपास पीएच असलेला जेल किंवा फेसवॉश घ्या. घटकांच्या यादीत सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन, ग्लुकोसाइड अशी नावं वरती दिसली तर तो सहसा सौम्य असतो. सोडियम लॉरिल सल्फेट सुरुवातीलाच असेल तर सोडा.

पाणी कोमट. आधी चेहरा ओला करा, एक पंप हातावर फेसाळा, बोटांच्या टोकांनी ३० ते ६० सेकंद फिरवा. बहुतेक लोक दहा सेकंदांत उरकतात आणि मग म्हणतात फेसवॉशने काही होत नाही. नाकाच्या घड्या, हनुवटीखालची जागा आणि केसांची कड हमखास राहून जाते. टॉवेलने टिपा, घासू नका. धुतल्यावर त्वचा "करकरीत" वाटली तर फेसवॉश तुमच्यासाठी तीव्र आहे. त्या करकरीतपणाला स्वच्छता समजायची सवय मोडायला वेळ लागतो.

स्क्रब आजपासून बंद, टोनरही बंद.

टिपकागद

नाकावरच्या ठिपक्यांबद्दल. ते ब्लॅकहेड्स नसावेत. सगळे सपाट, राखाडी, एकमेकांपासून सारख्या अंतरावर आणि काढले तरी महिन्याभरात परत येणारे म्हणजे तैलतंतू. तेल, मृत पेशी आणि जंतू यांची ही दोरी रंध्रातून तेल वर आणणारी वात असते, आणि ती प्रत्येकाला असते. ज्यांचं तेल जास्त त्यांची दिसते, बाकीच्यांची नाही. ब्लॅकहेड म्हणजे घट्ट बूच. त्याचं डोकं काळं आणि किंचित वर आलेलं असतं, आणि तो काळेपणा मळाचा नसून मेलॅनिन या रंगद्रव्याचा असतो. म्हणूनच घासून जात नाही.

तैलतंतू दाबून काढू नका. नखांच्या दाबाने रंध्राची भिंत आतल्या आत फाटते आणि जिथे काहीच नव्हतं तिथे पुळी येते. नाकावर चिकटवायच्या पट्ट्या वरचं टोक तोडतात, वात तशीच राहते. ते कमी दिसावेत असं वाटत असेल तर उपाय एकच, नियमित सॅलिसिलिक ॲसिड किंवा रेटिनॉइड (रेटिनॉल आणि त्याच्या कुळातले घटक). लावणं थांबवलं की तंतू परत दिसायला लागतील हे धरूनच चला.

पानगळ

आधी वाफ घेऊन रंध्रं उघडायची, मग सफाई करायची आणि शेवटी बर्फ फिरवून ती बंद करायची. हा क्रम कुणीच कसा सांगितला नाही?

टिपकागद

कारण रंध्राला दार नसतं. तिथे उघडझाप करणारा स्नायूच नाही. बर्फाने सूज उतरते आणि थोडा वेळ रंध्रं बारीक भासतात, तेवढंच. वाफेने तेल पातळ होऊन वाहतं हे खरं, पण त्वचा तापली की तेल बाहेर पडण्याचा वेगही वाढतो. त्वचेच्या तापमानातला १ अंश सेल्सिअसचा फरक तेलात साधारण १० टक्के फरक पाडतो. उन्हाळ्यात चेहरा जास्त चकाकतो त्यामागे हेही एक कारण आहे. लालसर, चटकन तापणाऱ्या त्वचेला वाफ तर नकोच.

अर्धविराम

तिसऱ्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देते. बाटल्या घेण्याआधी प्रत्येक घटक कोणतं काम करतो ते समजून घ्या, नाहीतर एकाच कामाच्या तीन बाटल्या घरात जमतात.

सॅलिसिलिक ॲसिड: ०.५ ते २ टक्के. तेलात विरघळतं, त्यामुळे तेलाने भरलेल्या रंध्रात शिरून आतलं बूच सैल करतं. लॅक्टिक किंवा ग्लायकोलिक पाण्यात विरघळतात. ती बहुतांशी वरचा थर सोलतात. सॅलिसिलिकला काम करायला पीएच ३ ते ४ लागतो, आणि फेसवॉशमधलं सॅलिसिलिक अर्ध्या मिनिटात वाहून जातं. त्यामुळे परिणाम हवा असेल तर लावून ठेवायचं द्रावण घ्या. आठवड्यातून दोन रात्री, फक्त टी-झोनवर. तीन आठवडे नीट गेले तर एक दिवसाआड. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर हात लावू नका, दोन्ही एकाच कुळातली.

नायसिनामाइड: २ ते ५ टक्के. तेल थोडं कमी करतं आणि वरच्या थराला सिरॅमाइड तयार करायला मदत करतं, म्हणून तुमच्या अवस्थेत सगळ्यात आधी हेच. १० टक्क्यांच्या बाटल्या सर्रास मिळतात, पण ५ च्या वर गेल्याने फायदा दुप्पट होत नाही, चुणचुण मात्र वाढते. लावल्यावर चेहरा लाल होऊन गरम वाटला तर टक्के कमी करा. व्हिटॅमिन सी बरोबर चालत नाही ही जुनी भीती आहे, चालतं.

बेन्झॉइल पेरॉक्साइड: याचा तेलाशी काही संबंध नाही. हे मुरुमांच्या जंतूंवर काम करतं आणि जंतूंना त्याची सवय होत नाही, ही याची मोठी जमेची बाजू. लाल, पू असलेल्या पुळ्या असतील तरच घ्या. २.५ टक्के पुरे. ५ आणि १० टक्क्यांनी सूजलेल्या पुळ्यांवर फारसा जास्त फायदा होत नाही, कोरडेपणा आणि आग मात्र वाढते. तुमच्या वर्णनात अशा पुळ्या नाहीत, त्यामुळे आत्ता गरज दिसत नाही.

रेटिनॉइड: रेटिनॉल त्वचेत आधी रेटिनाल आणि मग रेटिनॉइक ॲसिड होतं, तेव्हा काम करतं, म्हणून ते सौम्य आणि संथ. ॲडॅपलिन ०.१ टक्के किंवा ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के थेट काम करतात. यांच्याबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे: लावायची रेटिनॉइड तेलाचं उत्पादन फारसं घटवत नाहीत. ती रंध्राच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना चिकटू देत नाहीत, म्हणून बूच तयार होत नाही. पहिले काही आठवडे आतली बुचं लवकर वर येऊन पुळ्या वाढल्यासारख्या दिसू शकतात. निकाल १२ आठवड्यांनी बघायचा, त्याआधी नाही. पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं, रात्री, कोरड्या चेहऱ्यावर. सुरुवात आठवड्यातून दोनदा. बेन्झॉइल पेरॉक्साइडबरोबर साधं ट्रेटिनॉइन एकाच वेळी लावलं तर ते निकामी होतं, ॲडॅपलिन टिकतं. गरोदरपणात किंवा गर्भधारणेचा विचार असेल तर रेटिनॉइड नको.

आता तुमचा पहिला प्रश्न. खरोखर तेलाचा नळ आवळणारे उपाय मोजके आणि डॉक्टरांच्या हातातले. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या ग्रंथींनाच लहान करतात आणि तेल प्रचंड घटवतात. पण त्यांनी गर्भात गंभीर व्यंग होतं. गर्भधारणा होऊ शकणाऱ्या व्यक्तीला उपचार सुरू व्हायच्या आधीपासून ते संपल्यावर निदान महिनाभर गर्भनिरोधन अनिवार्य असतं, शिवाय यकृत आणि रक्तातली चरबी तपासत राहावं लागतं. ओळखीच्या कुणाच्या उरलेल्या गोळ्या घेण्याची ही गोष्ट नाही. स्त्रियांमध्ये स्पायरोनोलॅक्टोन किंवा काही गर्भनिरोधक गोळ्या ॲन्ड्रोजेनच्या वाटेने काम करतात. क्लॅस्कोटेरोन १ टक्का हे क्रीम ग्रंथीवरच ॲन्ड्रोजेनला अडवतं. अमेरिकेत त्याला २०२० साली मुरुमांसाठी मान्यता मिळाली.

पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस, माथ्यावरचे केस विरळ, आणि त्याबरोबर तेल वाढलेलं असेल तर बाटल्या शोधत बसण्याऐवजी हार्मोन्सची तपासणी करून घ्या.

उन्हाची तिरीप

मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, दोन्हींचं उत्तर पोतात आहे.

मॉइश्चरायझर लागतं, पण तेल देणारं नाही, पाणी धरून ठेवणारं. ग्लिसरीन, हायलुरोनिक ॲसिड, पँथेनॉल, थोडं डायमेथिकोन असं जेल किंवा पातळ लोशन घ्या. डायमेथिकोनला घाबरू नका. सिलिकोन रंध्रं बुजवतं हा उगाच पसरलेला समज आहे. चेहरा टिपल्यावर किंचित ओला असतानाच लावा. कपाळ-नाकाला पातळ थर, गालांना दुसरा हात. सगळ्या चेहऱ्याला सारखंच लावलं पाहिजे असा नियम नाही.

"नॉन-कॉमेडोजेनिक" (रंध्रं न बुजवणारं) या शब्दावर फार विसंबू नका, त्याची सर्वमान्य सक्तीची चाचणी नाही. इंटरनेटवर फिरणारे ० ते ५ गुणांचे तक्ते मुळात सशाच्या कानावरच्या प्रयोगांतून आलेत, तेही शुद्ध घटक लावून. तयार क्रीममध्ये तोच घटक किती आहे यावर सगळं अवलंबून.

सनस्क्रीन "तळल्यासारखं" दिसतं त्याची कारणं दोन. एक, ऊन अडवणारे बरेचसे रासायनिक फिल्टर स्वतःच तेलकट द्रव असतात. एसपीएफ वाढवत नेलं की त्यांचं प्रमाण वाढतं. दुसरं, खाली क्रीम, वर क्रीम असे थर. म्हणून सकाळी वेगळं मॉइश्चरायझर टी-झोनला लावूच नका, सनस्क्रीनच तेवढं काम करतं. लेबलवर जेल, फ्लुइड किंवा मॅट फिनिश आणि घटकांत सिलिका शोधा. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारे किरण) अडवतं, म्हणजे पोत आवडणारं ३० पूर्ण मात्रेत लावणं हे न आवडणारं ५० अर्ध्या मात्रेत लावण्यापेक्षा चांगलं.

मात्रा: चाचणीत दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावतात. चेहरा आणि मानेसाठी तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत ओढलेल्या दोन रेघा. एकदम चोळू नका. एक रेघ लावा, दोन-तीन मिनिटं बसू द्या, मग दुसरी. गोळे सुटत असतील तर खालचा थर अजून ओला आहे. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, त्याआधी टिपकागदाने तेल उचलून घ्या. कागद दाबायचा आणि उचलायचा, फिरवायचा नाही. टिपल्याने तेल वाढत नाही, दिवसातून कितीही वेळा करा.

रात्री हे सगळं फेसवॉशच्या एका फेरीत निघालं नाही तर आधी पाण्यात मिसळणारा क्लेन्झिंग ऑइल किंवा मायसेलर वॉटर, मग फेसवॉश. क्लेन्झिंग ऑइलमध्ये तेल-पाणी एकजीव करणारा इमल्सिफायर असतो, पाणी लावल्यावर ते दुधासारखं पांढरं होतं आणि धुऊन जातं. साधं तेल असं जात नाही, चेहऱ्यावरच राहतं.

काजळरेघ

कपाळावरच्या पुळ्या सगळ्यांच्या नजरेतून सुटल्या. बारीक, एकसारख्या, खाजणाऱ्या आणि केसांच्या कडेला: हे मुरुमांपेक्षा मॅलॅसेझिया या बुरशीने होणाऱ्या केशमूळदाहासारखं वाटतं. मुरुम सहसा मिश्र असतात, एक ब्लॅकहेड, एक लाल पुळी, एक मोठी गाठ. आणि फारसे खाजत नाहीत. ही बुरशी प्रत्येकाच्या त्वचेवर असते आणि तेलावर जगते, तेलकट जागी जास्त. मुरुम समजून अँटिबायोटिक घेतली तर बुरशीला अडवणारे जंतू मरतात आणि पुळ्या वाढतात. त्वचारोगतज्ज्ञ बहुतेकदा बघून किंवा खरवड सूक्ष्मदर्शकाखाली तपासून सांगतात.

उपचारात किटोकोनॅझोल २ टक्के शाम्पू त्या जागेवर पाचेक मिनिटं ठेवून धुणं हा एक नेहमीचा प्रकार आहे. पण निदान आधी. दुसरी शक्यता साधी आहे: केसांचं तेल, जेल किंवा कंडिशनर कपाळावर उतरतंय. दोन-तीन आठवडे ते कडेपासून लांब ठेवा, केस धुऊन झाल्यावर चेहरा शेवटी धुवा आणि उशीचा अभ्रा बदलत राहा.

नाकाच्या बाजूला, भुवयांत किंवा कानामागे पिवळसर, चिकट पापुद्रे आणि खाली लाली असेल तर ते कोरडेपण नाही, सेबोरिक डर्मटायटिस (तेलकट जागी होणारा त्वचेचा दाह) असू शकतो. तिथे जाड मॉइश्चरायझर थापल्याने वाढतं.

एक सक्त सूचना: "एका क्रीममध्ये सगळं" असलेल्या मिश्रणांमध्ये स्टेरॉइड असू शकतं. चार दिवसांत चेहरा साफ होतो, आणि काही आठवड्यांनी त्वचा पातळ, लाल, पुळ्यांनी भरलेली. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यांतलं काही दिसलं तर डॉक्टरांनी मुदत ठरवून दिल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका.

वाळूचं घड्याळ

सगळ्यांचे आभार. म्हणजे एकदम सगळं सुरू करायचं नाही. मग क्रम आणि वेळापत्रक सांगाल का? आणि क्ले मास्क चालेल का?

अर्धविराम

आठवडा १ ते ४: फक्त सौम्य फेसवॉश दोनदा, जेल मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. बाकी शून्य. या महिन्यात ओढल्यासारखं वाटणं आणि पापुद्रे थांबले पाहिजेत. टी-झोन तेवढाच चकाकेल, त्याने निराश होऊन जुना साबण काढू नका.

आठवडा ५ ते ८: सकाळी फेसवॉशनंतर नायसिनामाइड, त्याला मिनिटभर मुरू द्या, मग सनस्क्रीन.

आठवडा ९ पासून: सॅलिसिलिक, आठवड्यातून दोन रात्री, टी-झोनवर. तैलतंतूंचा फरक बघायला आणखी सहा ते आठ आठवडे. ते पुरेसं वाटलं तर रेटिनॉइडची गरजच नाही. रेटिनॉइड घेतलंत तर सॅलिसिलिकच्या रात्री वेगळ्या ठेवा.

प्रत्येक नवी वस्तू आधी कानामागे किंवा जबड्याच्या कडेला सलग चार-पाच रात्री लावून बघा. दोन वस्तू एकाच आठवड्यात सुरू केल्या आणि चेहरा लाल झाला तर दोष कुणाचा हे कधीच कळणार नाही. सॅलिसिलिकने आग होऊन दुसऱ्या दिवशीही राहिली तर पाच-सात दिवस सगळे ॲसिड बंद, नुसता पहिल्या महिन्याचा क्रम.

क्ले मास्क आठवड्यातून एकदा चालेल, सॅलिसिलिकच्या रात्री सोडून. केओलिन सौम्य, बेंटोनाइट जास्त शोषतं. फक्त टी-झोनला पातळ थर, दहा मिनिटं, आणि कडा फिक्या पडून वाळायला लागल्या की धुवा. भेगा पडेपर्यंत ठेवला तर तो पाणीही ओढून घेतो. परिणाम त्या दिवसापुरता, काही तासांचा. कार्यक्रमाच्या आधी ठीक, उपचार म्हणून नाही.

पानगळ

वय वाढल्यावर आपोआप तेल कमी होतं ना?

टिपकागद

स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर बऱ्यापैकी घटतं. पुरुषांमध्ये खूप उतारवयापर्यंत फारसं घटत नाही. त्यामुळे त्या भरवशावर थांबू नका.

आणि कुणी पुढेमागे बेन्झॉइल पेरॉक्साइड घेणार असेल तर टॉवेल, अभ्रा आणि गळ्याजवळचा सदरा पांढराच ठेवा. रंगीत कापडावर पडणारे फिके डाग धुऊन जात नाहीत, तो रंगच उडालेला असतो.